दामूमामांची साक्ष

रविवारी सकाळी आमच्या घरी चहा प्यायचा असेल, तर आधी कवितेची ओळ पुरी करावी लागे.

किटली दामूमामांच्या हातात. पाहुणा बसला, कपबशी पुढे आली, की मामा किटली तिरपी करत, "कवी म्हणते—" असं म्हणत आणि कुठल्या तरी नावाजलेल्या कवितेची अर्धी ओळ सोडून थांबत. किटली तिरपीच. चहा तोटीच्या तोंडाशी आलेला. पाहुण्यानं उरलेली अर्धी ओळ म्हटली, की धार कपात. नाही म्हटली, तर किटली सरळ आणि मामा पुढच्या पाहुण्याकडे. कविता पाठ न केल्याबद्दल शाळेत गुरुजींनी मला अंगठे धरून उभं केलं होतं, तेव्हा वाटलं होतं की शिक्षा भोगून झाली. ती चाळिशीनंतर, माझ्याच घरात, मीच आणलेल्या साखरेवर पुन्हा सुरू झाली. मग माझी बायको शांता मला स्वयंपाकघरात बोलावून पेल्यातून चोरटा चहा देई. घरच्या कर्त्या पुरुषाचा मान म्हणतात तो हाच असावा.

दामूमामा म्हणजे शांताचे थोरले भाऊ, एकुलते एक. ती त्यांना दादा म्हणे, मीही तोंडावर दादाच म्हणे. पण आमच्या लेकीचे, नलूचे मामा ते हळूहळू नागपूरच्या आमच्या साऱ्या नंदनवन वस्तीचे मामा झाले, म्हणून इथंही मामाच म्हणतो. राहायचे शहराच्या जुन्या महाल भागात, दोन खोल्यांत, एकटे. रविवार उजाडला की सायकल मारत आमच्याकडे. घराणं हातमागावरचं, पण मामा शिकले आणि कोर्टात भाषांतरकार झाले. साक्षीदार आपल्या बोलीत सांगे, मामा ते इंग्रजीत उतरवत. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची साक्ष जशीच्या तशी पलीकडे पोचवण्यात घालवला, आणि त्या कामानं त्यांना जे वेड लावलं ते क्रियापदांचं.

"खुनाचा खटला आहे," ते मला सांगत. "साक्षीदार म्हणते, 'यानं त्याले लोटलं.' वकील म्हणते, 'याचा त्याले हात लागला.' आता सांगा जावईबापू, लोटणं अन् हात लागणं यात अंतर किती?"

"बरंच असेल."

"फासाच्या दोराइतकं. क्रियापद सांभाळा. नामाले कोणी फासावर देत नाही."

मी सरकारी कचेरीतला कारकून. माझ्या क्रियापदांवर फार तर एखादी फाईल पुढच्या टेबलावर जाई. पण मामांना ते पटत नसे.

आमच्या शेजारी पुण्याहून बदलून आलेले एक गृहस्थ होते. मामा "जेवून राहिलो" म्हणाले म्हणून ते एकदा हसले. मामा शांतपणे म्हणाले, "ते आमच्या घरचं आहे जी, त्यात चूक नाही. तुम्ही मात्र काल म्हणाले, बायकोनं साडी घातली. साडी काय सदरा आहे? साडी नेसतात. सदरा घालतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, फेटा बांधतात. माणसाच्या अंगावर चढणारी एकेक वस्तू आपलं क्रियापद संगं घेऊन येते." गृहस्थ पुढं आमच्याकडे आले की बसण्याआधी आपल्या अंगावरचे कपडे एकदा तपासून घेत.

"भात बनवला" म्हटलं की मामांच्या कपाळावर शीर उठे. "बनवतात ते माणसाले. भात रांधतात!"

पण सगळ्यात कडक पहारा शुभ-अशुभाच्या क्रियापदांवर. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, मालवतात. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणतात. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. महिनाअखेरीला आमच्या डब्यातले तांदूळ इतके वाढत, की शांताला शेजारी वाटी घेऊन जावं लागे.

या सगळ्यात मामांपुढे कधी न अडखळलेली एकच व्यक्ती, आमची नलू. फ्रॉकात होती तेव्हापासून मामांनी तिला ओळींवर वाढवलं. मामांनी अर्धी ओळ म्हणायची आणि हिनं उरलेली, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. तिचा कप नेहमी काठोकाठ. आणि पहिलं संकट आलं ते या नलूच्याच लग्नाचं.

वर्ध्याचा मुलगा होता, बँकेतला. चांगली माणसं. मुलगी पाहायला मंडळी आली ती नेमकी रविवारी. मी शांताला आधीच म्हटलं होतं, "वार बदलू." ती म्हणाली, "काहून? माह्या भावाची लाज वाटून राहिली का तुम्हाले?" या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं द्यायचं नसतं.

पोहे झाले. मामा किटली घेऊन उठले. किटली मुलाच्या कपावर तिरपी झाली. "कवी म्हणते—"

मुलाचा हात बशीखाली थिजला. त्याची आई म्हणाली, "तो सायन्सचा आहे हो." मामांनी तिच्याकडे करुणेनं पाहिलं आणि किटली सरळ केली. मुलाचे वडील भला माणूस, विषय बदलावा म्हणून हसत म्हणाले, "मुलगी स्वयंपाक वगैरे छान बनवत असेल!"

पुढचं सांगत नाही.

निरोप आला तो असा: मुलगी पसंत आहे, मामा पसंत नाही. नलू ते ऐकून खूप हसली. मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला. तिच्या बरोबरीच्या मुली तेव्हा माहेरपणाला येऊ लागल्या होत्या.

म्हणून उमरेडचं स्थळ आलं तेव्हा आम्ही ठरवून चोरी केली. शांतानंच केली, मी साथीदार. मामांना सांगितलं की कामठीला एका घरी जुन्या कवितांच्या पुस्तकांचा ढीग रद्दीत जाऊन राहिला. मामा टोपी सावरत कामठीची बस पकडायला धावले, आणि इकडे सुधाकरनं नलूला पाहिलं. सुधाकर कळमेश्वरला कारखान्यात सुपरवायझर. बोलायला मोजका, डोळे हसरे. त्याला आमच्याकडे चहा मिळाला, बिनशर्त. संध्याकाळी नलू आईला म्हणाली, "मले आवडला वं आई." असं तिनं आयुष्यात प्रथमच म्हटलं होतं. शांता मला सांगताना रडली, मी ऐकताना घाबरलो. कारण आता हे लग्न मोडलं, तर ते नुसतं स्थळ मोडणं नव्हतं.

मामा रिकाम्या हातानं परतले. पत्ता सापडला नाही म्हणाले. पण वाटेत एका दुकानाच्या पाटीवरचं क्रियापद दुरुस्त करून आल्यामुळे खूश होते.

मग मला सुधाकरच्या काकांची ओळख झाली आणि माझी झोप उडाली.

सुधाकरला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो काकांचा, आबाजींचा. उमरेडला कापडाचं दुकान. अंगानं भरदार, आवाज त्याहून भरदार, आणि मानापमान म्हणाल तर काचेच्या भांड्यापेक्षा नाजूक. एका पुतणीच्या लग्नात पंगतीत मठ्ठा आधी दुसऱ्या कुणाला वाढला, म्हणून त्यांनी वऱ्हाडाला पानांवरून उठवलं होतं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली, प्रास्ताविक म्हणून. आणि मग म्हणाले, "व्याही, एक सांगतो. मंगलाष्टकं मी स्वतः रचतो. गुलाबी कागदावर छापून वाटतो, अन् म्हणतो बी मीच. आमच्या घरच्या लग्नात भटजीले फक्त 'सावधान' म्हणायचं काम."

मी घरी येऊन खाटेवर आडवा झालो. शांतानं विचारलं, "काय झालं?"

"तो कवी आहे."

"मंग?"

"अन् नवरीच्या मागे मामा उभा राहतो."

शांता खाली बसली. रीत कुणाच्या बापाला चुकत नाही. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे तिचा मामा उभा. एका हातात नारळ, दुसरा हात भाचीच्या खांद्यावर. समोर, कापडापलीकडे, दोन हातांवर आबाजी आपली स्वतःची कविता गाणार. सगळ्या नागपुरात ज्या माणसाला चुकीचं क्रियापद ऐकून गप्प बसता येत नाही, तो नेमका त्या जागी.

"तुझ्या चुलतभावाला उभं करू," मी म्हटलं.

"माहा सख्खा भाऊ जिता असताना पोरीच्या मागं उसना मामा?" ती इतक्या हळू बोलली की मी तो विषय तिथंच सोडला. बायको ओरडते तेव्हा बोलणी चालू असतात.

शेवटी आम्ही दोघं महालात गेलो आणि मामांना सारं सांगितलं. कामठीचंही. मामांनी ऐकून घेतलं. वर्ध्याचं स्थळ का मोडलं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे पोरगी माह्यामुळं राहिली."

"तसं नाही गा दादा..." शांता म्हणाली.

"साक्ष बदलू नको. तसंच आहे."

मी धीर करून म्हटलं, "दादा, फक्त माळा पडेपर्यंत. तोवर एक शब्द नाही. शपथ खा."

"शपथ खायले काय करंजी आहे? शपथ घेतात." मग त्यांनीच जीभ चावली. "घेतली. माळा पडेपर्यंत दामू मुका."

लग्न मे महिन्यात. नागपूरचा मे मी नागपूरकरांना काय सांगू? कार्यालयाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले, त्यांवर पाणी मारणारा गडी दमून पडद्याखालीच पडलेला, पिपातल्या बर्फाची लादी डोळ्यांदेखत वितळतेय, आणि मुहूर्त भर बाराचा. आबाजी रेशमी झब्ब्यात फिरत होते. प्रत्येकाच्या हातात गुलाबी कागद देत होते, आणि घेणाऱ्यानं तो वाचायला सुरुवात करेपर्यंत समोरून हलत नव्हते.

मीही वाचला. पहिलं कडवं गणपतीचं, बरं होतं. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ अशी:

माहेरी विझला दिवा उजळण्या गेहास या सासरी

माणसाच्या मनात काय होतं ते कळत होतं. लेक इकडची, उजेड तिकडे पडणार, असं काही तरी गोड त्याला म्हणायचं होतं. पण लग्नाच्या मांडवात, मुलीच्या आईबापांसमोर, माहेरी विझला दिवा! मी मांडवभर हिंडून गुलाबी कागद गोळा करायला लागलो. "वारा घ्यायला हवाय", "मुलांनी नावा केल्या", काय वाटेल ते सांगून खिसे भरले. मामांपाशी पोचलो, तर ते खुर्चीवर बसून एका गुलाबी कागदानंच वारा घेत होते.

"दादा, तो कागद..."

"वाचला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावरची शीर करंगळीएवढी फुगली होती.

"वाचला," ते पुन्हा म्हणाले. "मी काही बोललो का?"

अंतरपाट धरला गेला. अलीकडे नलू, मान खाली, हातात माळ. मागे मामा, नारळ छातीशी धरलेला. आमच्या बाजूची सगळी माणसं भटजींकडे नव्हे, मामांकडे पाहत होती. शांतानं माझं मनगट धरलं ते असं, की त्याचे वळ मी दोन दिवस बाही ओढून लपवले. आबाजींनी लाऊडस्पीकरचा दांडा जवळ ओढला, घसा खाकरला, आणि गणपती निर्विघ्न पार पडला. अक्षता पडल्या. दुसरं कडवं.

"माहेरीऽऽ विझलाऽऽ दिवाऽऽ—"

मामांचे ओठ घट्ट मिटलेले. गेलं, मला वाटलं, पार पडलं.

आणि त्याच क्षणी मांडवात खणखणीत आवाज आला, "मालवला!"

हे कोण बोललं, म्हणून मी रागानं इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

इतक्या वर्षांच्या रविवारांनी दगा दिला. मामांनी तोंड आवळलं, तर त्यांची शिकवण माझ्या तोंडून बाहेर पडली. ज्या माणसाला एक कप चहापुरती ओळ कधी आठवली नाही, त्याला नेमकं त्या दिवशी, नको त्या ठिकाणी, बरोबर क्रियापद आठवलं.

आबाजी थांबले. लाऊडस्पीकर तसाच घरघरत राहिला.

"कोण म्हणलं?"

सांगायची गरज नव्हती, शांतानं माझं मनगट सोडून तोंडाला पदर लावला होता.

"नवरीचा बाप! नवरीचा बाप माहं चुकलं म्हणते! भर मांडवात!"

"तसं नव्हे आबाजी, सहज तोंडून..."

तेवढ्यात त्यांच्याच बाजूची एक म्हातारी आत्या पुढे आली. तिला तोवर ओळ नीट ऐकू आली नसावी. आता कुणी तरी कानात सांगितली होती. "काय जी आबाजी," ती म्हणाली, "लग्नात दिवा विझवता? जीभ झडली नाही तुमची?" मागे बायकांत कुजबुज झाली. अशुभ, अशुभ. आता आबाजींना दोन्हीकडून घेरलं गेलं होतं, आणि घेरलेला मानी माणूस एकच वाट शोधतो. त्यांनी गुलाबी कागदाची घडी घातली. घडीवर घडी.

"सुधाकर," ते म्हणाले, "चाल."

कापडापलीकडून सुधाकरचा आवाज आला, "काका, ऐका तरी..."

"चाल म्हणतो ना!"

भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात खाली येऊ लागले आणि पटकन वर गेले. नलू जागची हलली नाही. माळ मात्र हळूहळू खाली आली, गुडघ्यापर्यंत. मी हात जोडून पुढे झालो.

"थांबा जी."

मामा बोलले होते. माळा पडल्या नव्हत्या. नारळ तसाच छातीशी, दुसरा हात नलूच्या खांद्यावर. कोर्टात उभं राहावं तसे ताठ.

"मी नवरीचा मामा. कोर्टात भाषांतरकार आहे. शब्दाचं खरंखोटं पाहणं हेच माहं काम. सगळ्यांसमोर सांगतो. आबाजींचं क्रियापद बरोबर आहे. नवरीच्या बापाचं चुकलं."

शांतानं तोंडावरचा पदर काढला. नलूनं मान वळवून मामांकडे पाहिलं. तिला तर ठाऊकच होतं काय बरोबर ते.

आबाजी वळले, पण घडी सोडली नाही. "कशावरून म्हणता?"

"जुना आधार आहे. कवी म्हणते—"

मला वाटलं, आता अर्धी ओळ म्हणून थांबणार, आणि आबाजींना पुढचं येणार नाही, आणि सगळं संपणार. पण मामा थांबले नाहीत. आबाजींच्याच चालीत, किंचित फाटक्या आवाजात, त्यांनी ओळ शेवटपर्यंत म्हटली:

"येथे जो विझला दिवा, म्हणु नका गेला, तिथे तेवतो."

आत्याबाईंचे ओठ ती ओळ पुटपुटत होते.

"पहा आत्याबाई," मामा म्हणाले, "कवीनंच विझला म्हटलं. अशुभ असतं तं तो म्हणता का? विझला, म्हणूनच तिथं तेवते. आबाजींनी तोच धागा उचलला. जाणत्या माणसाचं काम आहे ते."

आबाजींच्या हातातली घडी उलगडली. "अगदी तोच धागा!" ते म्हणाले. कुठला धागा ते त्यांना त्या घटकेला प्रथमच कळत होतं, हे मी शपथ घेऊन सांगतो. "पुन्हा म्हणा जी मामासाहेब."

मामांनी पुन्हा म्हटली. या वेळी आवाज जरा जास्तच फाटला.

"कोन्त्या कवीची?"

मामांनी छातीशी नारळ सावरला. "जुना आहे. नाव नाही ठेवलं त्यानं."

आबाजींनी लाऊडस्पीकर पुन्हा जवळ ओढला. आपलं कडवं पहिल्यापासून म्हटलं, त्याच्या शेपटाला मामांची ओळ जोडली, आणि "कुर्यात् सदा मंगलम्" असं म्हणाले की पडद्याखालचा गडी जागा झाला. भटजी घाईनं 'सावधान' म्हणाले. माळा पडल्या. ताशेवाल्यानं ताशा बडवला. बडवला हेच त्याचं क्रियापद.

पंगतीत आबाजींनी मामांना शेजारी बसवून घेतलं. मठ्ठा आधी मामांना वाढायला लावला. "मामासाहेब, त्या कवीचं आणखी काही?" असं ते विचारत, आणि मामा म्हणत, "नाही जी, तेवढीच."

संध्याकाळी नलू उमरेडच्या गाडीत बसली. निघताना मामांच्या पाया पडली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मामांनी तिला उठवलं, तिच्यासाठी काही ओळबिळ म्हटली नाही. गाडी गेली. मामा एक खुर्ची ओढून मांडवाच्या टोकाला जाऊन बसले.

मी आणि शांता बर्फाच्या पिपापाशी उभे होतो. भीती उतरल्यावर माणूस फार बोलतो, तसा मी बोलत सुटलो. "तुझा भाऊ म्हणजे वस्ताद! भर मांडवात खोटी साक्ष! अन् जागच्या जागी ओळ काय रचली, वा!"

"आज नाही रचली," शांता म्हणाली. "वहिनी गेली तवाची आहे."

मामींबद्दल मी अजून काही सांगितलेलं नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. मामांचं लग्न झालं होतं आणि लवकरच त्या तापानं गेल्या, एवढं मी ऐकून होतो. माझ्या लग्नाच्या फार आधीची गोष्ट. त्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे.

"मी परकरात होते तेव्हा," शांता म्हणाली. "माणूस जाते त्या जागी दिवा ठेवतात ना, पिठावर. तो विझू द्यायचा नाही. मोठ्या बाया कामात होत्या, म्हणून मले बसवलं, तेल घालत जा म्हणून. असाच उन्हाळा. माहा डोळा लागला. उठले तं दिवा गेलेला. साऱ्या बाया तुटून पडल्या माह्यावर. म्हणे, पोरीनं वहिनीची वाट अंधारी केली. तेवढ्यात दादा बाहेरून आला. त्यानं पाहिलं. मले काही बोलला नाही, त्यायले काही बोलला नाही. काडी ओढून दिवा लावला, अन् हे म्हटलं. कवी म्हणते, असं म्हणून. बाया चूप झाल्या. पोथीतलं असन, असं वाटलं त्यायले." तिनं पदरानं नाक पुसलं. "मलेबी तसंच वाटलं होतं. मंग मी मोठी झाले, शाळेच्या साऱ्या पुस्तकांत शोधली. कुठीच नाही."

मी मांडवाच्या टोकाकडे पाहिलं. मामा पाठमोरे बसले होते. जाऊन काही बोलावं असं वाटलं. पण मला कधी वेळेवर ओळ सुचलेली नाही. मी नुसताच त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी पाहिलंही नाही, पण खुर्ची थोडी सरकवली, माझे पाय उतरत्या उन्हातून सावलीत यावेत म्हणून.

आबाजींनी ती ओळ सोडली नाही. ज्या लग्नात आबाजी, तिथं ती ओळ. आणि विदर्भात आबाजी नसतील असं लग्न विरळा. त्यांचं ऐकून दुसरेही म्हणू लागले. पुढच्या मोसमात कळमेश्वरला सुधाकरच्या एका मित्राचं लग्न होतं. मी आणि मामा गर्दीत मागे उभे होतो, मुठीत अक्षता घेऊन. गाणारा कुणी अनोळखी तरुण, गळा गोड. दुसऱ्या कडव्याला त्यानं ती ओळ घेतली, आणि पुढच्या बायकांचेसुद्धा आवाज त्यात मिसळले. त्यांनाही ती पाठ झाली होती.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

मंगलाष्टकांना पुरुष बोडक्या डोक्यानं उभा राहत नाही. तसं उभं राहतात ते कुणाला शेवटचं पोचवायला गेल्यावर. शेजारचा एक जण दचकून कुजबुजला, "मामाजी, टोपी."

"हाव, हाव," मामा म्हणाले, आणि ओळ संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग टोपी घातली, आणि सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्यावर, जरा उशिरा, आपल्या टाकल्या.